खिरीची आगाऊ गोळी

गंगाराम धुरी यांनी पाकिटातून मधुमेहाची गोळी काढून तळहातावर ठेवली, थोडा विचार केला आणि मग आणखी एक काढली.

"दोन कित्याक?" सत्यवतीने विचारलं. ती देवळात वडे तळायला निघाली होती. एक पाय उंबऱ्याबाहेर होता, पण नजर नवऱ्याच्या हातावर होती.

"आज समाराधना आसा. पानावर खीर येतली."

"मगे?"

"मगे काय मगे? एक गोळी रोजच्या भाताची आणि एक खिरीची."

"डॉक्टरीणबायन एकच सांगल्यान हा. ती पण जेवताना, पयल्या घासावांगडा."

"डॉक्टरीणबायची काजीची बाग आसा काय?" गंगारामांनी विचारलं.

डॉक्टर शर्मिष्ठांची काजूची बाग नव्हती हे खरंच होतं, पण त्याचा इथे काय संबंध ते सत्यवतीला कळेना. गंगारामांनी समजावून सांगितलं. काजूचा मोहर किडीने खाल्ल्यावर फवारणी करून उपयोग नसतो. शहाणा शेतकरी कीड दिसायच्या आधीच पंप खांद्यावर घेतो. साखरेचंही तसंच. खीर पोटात जाऊन धुमाकूळ घालायच्या आत गोळी तिथे तयार पाहिजे.

"तुमच्या पोटात काय काजी लावलास?" एवढं बोलून सत्यवती निघून गेली. वडे तिची वाट बघत होते.

गंगारामांना साखरेचा आजार होऊन फार दिवस झाले नव्हते. गावात ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती आणि माहीत होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. पंगतीत बसून सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकायची म्हणजे गावजेवणात आजाराची दवंडी पिटण्यासारखंच. म्हणून ती घरातूनच घेऊन निघायची असं त्यांनी ठरवलं. देऊळ हाकेच्या अंतरावर होतं आणि दुपार झाली की पंगत बसायचीच. खिरीला जागा राहावी म्हणून सकाळची पेजही त्यांनी खाल्ली नव्हती. बिनसाखरेचा कोरा चहा तेवढा झाला होता. दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर गिळून, स्वच्छ सदरा घालून गंगाराम देवळाकडे निघाले.

कुसबे गाव धामापूरच्या अलीकडे, भातशेती आणि काजूच्या बागांमध्ये वसलेलं. तिथली सातेरीची समाराधना म्हणजे वर्षातला मोठा दिवस. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, भात आणि गुळाची खीर. देवळामागच्या मांडवात मोठमोठे टोप चुलीवर चढले होते आणि वास सभामंडपात येत होता. मंडपात गावचे मानकरी बसले होते. त्यांच्या मधोमध भाई गावकार उभे राहून देवीला गाऱ्हाणं घालत होते.

"बा देवी सातेरी म्हाराजा! तुजी लेकरा आज तुज्या पायाकडे जमली आसत!"

"होय म्हाराजा!" मंडप म्हणाला.

"जी लेकरा मुंबैक आसत, तेंका सुखी ठेव!"

"होय म्हाराजा!"

"जेंची नोकरी आसा तेंची टिकंदे, जेंची नाय तेंका मिळंदे, जेंका मिळान पण करूची नाय तेंका बुद्धी दी!"

भाईंनी मुंबई आटोपली, पुणे घेतलं, आखातात गेलेल्यांना आठवलं आणि गावच्या गुराढोरांपर्यंत आले. गंगाराम प्रत्येक वेळी जोरात 'होय म्हाराजा' म्हणत होते आणि मनातल्या मनात वडे मोजत होते. शेवटी गाऱ्हाणं संपलं. आता देवीपुढे पहिला नारळ ठेवायचा की पानं मांडायची.

"पयलो नारळ दत्ताराम धुरी," भाई म्हणाले.

गंगाराम ताडकन उठून उभे राहिले.

या नारळाची गोष्ट थोडी मागची आहे. गंगाराम आणि दत्ताराम हे चुलत भाऊ, आणि त्यांचे वडील जुळे. दोघांत आधी कोण जन्मलं हे फक्त सुईणीला ठाऊक होतं, आणि ते न सांगताच ती देवाघरी गेली. त्यामुळे थोरलं घर कुठलं हे कधीच ठरलं नाही. शेवटी गावाने तोडगा काढला: एक वर्ष नारळ गंगारामाच्या घराचा, दुसरं वर्ष दत्तारामाच्या घराचा. हे व्यवस्थित चाललं होतं. मग लॉकडाऊन आलं, त्या वर्षी समाराधना झालीच नाही, आणि ते वर्ष नेमकं गंगारामांच्या पाळीचं होतं. तेव्हापासून दरवर्षी हा वाद होता.

"माजी पाळी रवली हा!" गंगाराम म्हणाले.

"रवली नाय, बुडाली," दत्ताराम म्हणाला. तो गंगारामांपेक्षा थोडा लहान, अंगाने आडवा, पंचक्रोशीतल्या सगळ्या जत्रांना खाज्याचं दुकान लावणारा. गुळात घोळवलेलं त्याचं खाजं प्रसिद्ध होतं. "गंगादा, रेशनचो तांदूळ एक म्हयनो इलो नाय, तर फुडच्या म्हयन्यात मिळता काय?"

"मिळता!"

"खंय मिळता?" मागून कुणीतरी विचारलं.

"आमका तर मिळणा नाय!" दुसरा म्हणाला.

"आमका मिळालो हुतो!" तिसऱ्याने सांगितलं, आणि त्याला कसा मिळाला याची चौकशी सुरू झाली. बघता बघता निम्मा मंडप नारळ विसरून रेशनच्या तांदळावर तुटून पडला. भाईंनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं, पुन्हा नारळावर आणलं, तर पुन्हा कुणीतरी लॉकडाऊनमध्ये कोण मुंबईहून चालत आलं होतं ते काढलं. मांडवात खीर तयार होऊन टोपावर झाकण पडलं. वडे गार झाले. सत्यवतीने आणि बाकीच्या बायकांनी हात धुऊन पदराला पुसले आणि त्या बोलावण्याची वाट बघत बसल्या.

गंगाराम लढतच होते. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आपले हात कापतायत. त्यांना वाटलं, राग आला असेल. सदरा पाठीला चिकटला. त्यांना वाटलं, मंडपात उकडतंय. छाती धडधडायला लागली तेव्हा त्यांनी तेही दत्तारामाच्या खाती मांडलं. मग त्यांना 'पाळी' म्हणायचं होतं आणि तो शब्दच सापडेना. ते बोट वर करून उभे राहिले, तोंड उघडलं आणि सगळा गाव ऐकत असताना म्हणाले, "खीर!"

"काय?" भाई म्हणाले.

"खीर," गंगाराम पुन्हा म्हणाले आणि थरथरत खाली बसले. डोळे फिरल्यासारखे झाले होते. मान डोलत होती. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

मग एका म्हाताऱ्याने हात जोडले. "इलो! अवसार इलो!"

देवीचा अवसार ज्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या यायचा ते गृहस्थ मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला मुलाकडे गेले होते. यंदा देवी कुणाच्या तोंडून बोलणार अशी गावाला सकाळपासून काळजी होतीच. ती अशी मिटल्यावर कुणीही जास्त चौकशी केली नाही. ढोल वाजायला लागला. उभे असलेले बसले, बसलेले वाकले. भाई गावकारांनी उपरणं सावरलं आणि गंगारामांपुढे हात जोडून बसले.

"म्हाराजा, तूच सांग. नारळ कोणाचो?"

गंगारामांना सगळं धुक्यातून दिसत होतं. ढोलाचा आवाज लांबून येत होता. समोर कुणाचा तरी गोल, ओळखीचा चेहरा होता. दत्तू. दत्तूकडे खाजं असतं. गुळाचं खाजं. त्यांनी हात पुढे केला.

"दत्तू," ते कसेबसे म्हणाले. "दी... दी..."

"दत्तूक दी!" भाई ओरडले. "आयकलास? दत्तूक दी म्हणता! होय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" देऊळ दुमदुमलं.

इतक्या वर्षांचा वाद एका शब्दात मिटला, तोही हरणाऱ्याच्याच तोंडून. लोक चकित झाले. देवीचा न्याय बघून एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भाईंना मात्र वाटलं, देवी आलीच आहे तर आणखी एक काम होऊन जाऊ दे.

"म्हाराजा, गावात मोबाईलचो टावर कधी होतलो?"

"वाढा," गंगाराम पुटपुटले. "आदी... वाढा."

"वाढतलो म्हणता! गाव वाढतलो!"

"होय म्हाराजा!"

नारळ जिंकलेल्या दत्तारामाने खरं तर हसायला हवं होतं. पण तो हसत नव्हता. तो गंगारामांच्या कपाळाकडे बघत होता. एवढा घाम, पांढरे पडलेले ओठ, ती थरथर, तो जड झालेला शब्द. हे सगळं त्याने पूर्वी अनुभवलं होतं, बाहेरून नाही, आतून. तो एकदम उठला.

"ढोल बंद करा!"

"अरे, अवसार आसा!"

"बंद करा म्हणतंय ना!" दत्तारामाने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, सदऱ्याच्या आतल्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि त्यातली साखर पेल्यात रिकामी केली. बोटाने ढवळत तो गंगारामांजवळ बसला.

"दत्ताराम!" भाई दचकून म्हणाले. "अवसारातल्या माणसाक शिवतस काय मेल्या?"

दत्ताराम ढवळतच राहिला. समजावून सांगायला वेळ नव्हता. "देवीक नैवेद्य दाखयतंय," तो म्हणाला. "तिना माजा नाव घेतल्यान. मी नाय तर कोण दाखयतलो?"

भाई हात जोडून मागे सरकले.

"गंगादा, माजा आयकतस मां? गिळूक येता? वायच वायच घे." गंगारामांनी मान हलवली. दत्तारामाने पेला त्यांच्या ओठांना लावला. एक घोट गेला. दुसरा गेला. थोडं सांडलं, बाकी सगळं गेलं. मग त्याने दुसरी पुडी काढली. देवीने नैवेद्य ग्रहण केला हे बघून बायकांनी नमस्कार केला.

थोड्या वेळाने थरथर कमी झाली. गंगारामांनी डोळे नीट उघडले, आजूबाजूला वाकलेली डोकी बघितली आणि पहिलं वाक्य बोलले, "पाळी माजीच आसा."

"देवी गेली," भाईंनी जाहीर केलं. "ह्यो गंगाराम."

"जेवाण हाडा!" दत्ताराम मांडवाकडे ओरडला. "देवीन काय सांगल्यान? आदी वाढा! मगे वाढा ना!"

सत्यवती भाताचं पान घेऊन धावत आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिने पान खाली ठेवलं. ती दत्तारामाच्या कानाशी वाकली. "भावोजी, देव नाय तो. तेंनी दोन गोळयो घेतल्यानी हत. साकरेच्यो."

"दोन?" दत्तारामाने कपाळाला हात लावला. "मगे चार घास भरव तेंका आणि चल. हडे रवान चलाचा नाय. गोळयेचो अंमल रवता, साकर परत उतारतली. दवाखान्यात नेवकच व्हया."

खिरीचा चमचाही न चाखता गंगाराम देवळातून निघाले. दत्तारामाच्या टेम्पोत, खाज्याच्या डब्यांमध्ये बसून ते तालुक्याच्या गावी पोचले. वाटेत दत्ताराम दर वळणावर मागे बघून विचारत होता, "गंगादा, जागो आसस मां?" आणि गंगाराम दर वळणावर तुटकपणे सांगत होते, "आसंय!"

डॉक्टर शर्मिष्ठांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली, सलाइन लावलं आणि मगच बोलल्या.

"काका, दोन गोळ्या घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

गंगारामांनी खालच्या आवाजात फवारणीचा सिद्धांत मांडला. घरी तो जितका भक्कम वाटला होता तितका खाटेवर आडवं पडून वाटत नव्हता.

डॉक्टर हसल्या नाहीत. "काका, ही गोळी खिरीला ओळखत नाही. ती पोटात गेली की अंगातली साखर उतरवायच्या कामाला लागते. जेवण आलंय की अजून चुलीवर आहे, हे ती विचारत बसत नाही. तुम्ही सकाळपासून उपाशी, त्यात दोन गोळ्या. उतरवायला साखर होती कुठे?"

"मगे खिरीच्या दिवशी काय करू?"

"गोळी तेवढीच, मी लिहून दिलेली. पान समोर आलं, हात घासाला गेला, की घ्यायची. जेवायला उशीर असेल तर गोळीलाही उशीर. एखाद्या वेळी राहून गेली म्हणून पुढच्या वेळी जोडीने घ्यायची नाही, मला फोन करायचा. आणि खीर दोन चमचे चालेल, पण त्या दिवशी भात कमी. समजलं?"

"समाजला."

"आजची रात्र इथेच राहा. या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो." त्यांनी सत्यवतीकडे वळून विचारलं, "वेळेवर साखर कुणी दिली?"

सत्यवतीने दाराकडे बोट दाखवलं. दत्ताराम तिथे उभा राहून भिंतीवरचं पोस्टर वाचत होता.

"त्यांनी जीव वाचवला यांचा," डॉक्टर म्हणाल्या. "मात्र एक लक्षात ठेवा. माणूस शुद्धीवर असेल, गिळत असेल, तरच तोंडावाटे द्यायचं. नाहीतर थेट दवाखाना."

डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेल्या. सत्यवती चहा आणायला बाहेर गेली. दोघे भाऊ एकटेच राहिले. भांडणाशिवाय ते एका खोलीत बसल्याला बरीच वर्षं झाली होती.

"तुका कसा कळला?" गंगारामांनी विचारलं.

दत्तारामाने दाराकडे बघून घेतलं. "माका पण आसा."

"काय आसा?"

"साकर. तीन-चार वर्सा झाली. वेंगुर्ल्याच्या डॉक्टरकडे जातंय, हडे कोणाक कळूक नको म्हणान. एकदा जत्रेत गिऱ्हाईक सोपना, जेवचा रवला, आणि गोळी मात्र घेतलेली. दुकानाच्या मागे असोच पडलंय, तुज्यासारखो. तेवापासून खिशात साकरेची पुडी आसता."

"आणि सांगूक नाय कोणाक?"

"खाजेवाल्याक साकर झाली म्हटल्यार खाजा कोण घेतलो, गंगादा?"

गंगाराम हसले. मग हसू थांबलं. ते छताकडे बघत राहिले. "दत्तू, तू गप बसलो असतस तर..."

"गप कसो बसू?" दत्ताराम खुर्चीत अवघडून बसला. "मगे वर्सभर भांडू कोणावांगडा?"

गंगारामांनी सलाइन नसलेला हात पुढे केला. दत्तारामाने तो धरला आणि पटकन सोडलाही, कारण सत्यवती चहा घेऊन येत होती.

"आणि एक गजाल आसा," दत्ताराम जाता जाता म्हणाला. "तू नारळ माका दिलंस."

"मी? कधी?"

दत्तारामाने सगळं सांगितलं. ऐकताना गंगारामांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला आणि शेवटी त्यांना खोकला येईपर्यंत हसू आलं.

"मी गावात सांगतंय, तो देव नव्हतो म्हणान," दत्ताराम म्हणाला. "तुजो नारळ तुका परत."

"आणि तुका कसा कळला असा इचारल्यार काय सांगतलस? गप रव."

दुसऱ्या दिवशी गंगाराम घरी आले तेव्हा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, माणसं बसली होती. वाडीतली तुळसा सगळ्यांत पुढे होती. तिच्या म्हशीने दूध बंद केलं होतं आणि त्यावर देवीचं मत हवं होतं. तिच्यामागे एकाला विहिरीची जागा विचारायची होती, दुसऱ्याला मुलीची सोयरीक. सगळ्यांनी गंगारामांना वाकून नमस्कार केला.

पहिले दोन-तीन दिवस गंगारामांना वाईट वाटले असं म्हणता येणार नाही. एस.टी.त लोक उठून जागा द्यायला लागले. ज्यांनी आयुष्यात त्यांना 'रे'शिवाय हाक मारली नव्हती ते 'अहो' म्हणायला लागले. खरं सांगायचं तर साखरेचा आजार उघड करण्यापेक्षा देव म्हणवून घेणं बरंच सोपं होतं.

पण मग एका दुपारी सत्यवतीने त्यांच्यापुढे पान मांडलं आणि खळ्यातून तुळसा धावत आली.

"वयनी, वायच थांब! जेवाण देव नको!"

"कित्याक गो?"

"भरल्या पोटार देवी येणा नाय! त्या दिवशी तेंनी सकाळपासून काय खाल्ल्यानी नव्हता, म्हणान इली. भाई म्हणाले. आयतवारी देवळात बैठक आसा, टावराचा आणि गावच्या रस्त्याचा इचारूचा आसा. तेंका उपाशी हाडूक सांगल्यानी हा!"

सत्यवतीच्या हातात आमटीचा डाव होता. तो वर गेला तशी तुळसा पायऱ्या उतरून खळ्यापलीकडे गेली. सत्यवती आत आली, नवऱ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आयकलात? आता गावच तुमका मारतलो. प्रेमान."

गंगारामांनी पहिला घास घेतला आणि त्याबरोबर एक गोळी घेतली. त्यांना दवाखान्यातली ती खाट आठवत होती, आणि घाबरलेली सत्यवती. अजून आपण हिच्या हातचं जेवतोय ही साधी गोष्ट त्यांना त्या दिवशी फार मोठी वाटली.

रविवारी ते पोटभर पेज खाऊन देवळात गेले. गाव जमला होता. ढोलवाला तयारीत होता. मंडपाच्या मधोमध त्यांच्यासाठी पाट मांडला होता. गंगाराम पाटावर बसले नाहीत. ते उभेच राहिले.

"मी जेवान इलंय," ते म्हणाले.

मंडपात निराशेची कुजबुज झाली.

"आणि आयका. त्या दिवशी माज्या आंगात देवी नव्हती. माका साकरेचो आजार आसा. पयल्या घासावांगडा एक गोळी घेवची, तर खिरीच्या आशेन मी घराकडेच दोन घेतलंय, आणि जेवाण वेळेर मिळाला नाय, कारण मीच भांडत बसलंय. साकर उतारली आणि मी बडबडलंय. देवीच्या नावार माजी बडबड खपली, तेचो दोष माजो. तिची मी माफी मागितलंय."

भाई गावकारांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "म्हणजे नारळाचो न्याय खोटो?"

"खोटो."

"आणि टावर?"

"तेचा माका ठावक नाय, भाई. तुमी सरकाराक इचारा."

दत्ताराम खाली मान घालून बसला होता. आता नारळाचं भांडण पुन्हा पहिल्यापासून, हे सगळ्यांना दिसत होतं. काही जण तर मांडी बदलून त्याच्या तयारीत बसलेही होते.

"पण आता मी शुद्धीत आसंय," गंगाराम म्हणाले. "आता बोलतंय ता माजा. लॉकडाऊनची माजी पाळी बुडाली. ती मी सोडलंय. ह्या वर्साचो नारळ दत्तूचो."

"कित्याक पण?" भाई म्हणाले. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"तेना माका जगवल्यान. तुमी सगळे हात जोडून बसला हुतात. एकटो तो साकर घेवन उठलो."

"तेच्या खिशात साकर खंयसून इली?" मागून कुणीतरी विचारलं.

दत्तारामाने मान वर केली. गंगारामांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खाजेवाल्याच्या खिशात साकर नाय तर काय सिमेंट आसतला?" ते म्हणाले, आणि देऊळ हसलं.

समाराधनेला राहून गेलेला नारळ दत्तारामाने देवीपुढे ठेवला. ठेवताना तो बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि धूप डोळ्यांत गेला असं सांगितलं. धूप त्या दिवशी कुणी लावलाच नव्हता.

लोक पांगले. गंगाराम पायऱ्या उतरत होते तेव्हा भाई गावकारांनी मागून त्यांची बाही धरली आणि त्यांना पिंपळाच्या आडोशाला नेलं.

"गंगाराम," ते अगदी कानाशी म्हणाले, "ती गोळी पयल्या घासावांगडा म्हणालस?"

"होय."

"आंघोळ झाल्यार घेतली तर चलाची नाय?"

गंगारामांनी भाईंच्या तोंडाकडे नीट बघितलं. कपाळावर घाम होता. मघाशी पुसलेला, पुन्हा आलेला.

"भाई, आजची घेतलात?"

"सकाळीच."

"आणि जेवलात?"

भाई पिंपळाच्या पानांकडे बघायला लागले. "बैठकीची गडबड हुती रे."

"दत्तू!" गंगाराम ओरडले. "हडे ये! पुडी घेवन ये!"

दत्ताराम धावत आला. त्याने भाईंकडे एकदा बघितलं आणि न विचारता पुडी उघडली. दोघांनी मिळून भाईंना साखर चारली, दोन्ही बाजूंनी धरून गंगारामांच्या घरी आणलं आणि पडवीत बसवलं. सत्यवतीने कुठलाही प्रश्न न करता पान वाढलं. आखातापर्यंतच्या सगळ्यांसाठी मागणं मागणारे भाई आज स्वतःसाठी एक शब्दही न बोलता मुकाट्याने जेवायला लागले. त्यांच्या उजव्या हाताला गंगाराम, डाव्या हाताला दत्ताराम. दोघेही त्यांचा एकेक घास खाली जाताना बघत होते.

"तांबूस दिसतत आता," गंगाराम म्हणाले.

"बरे दिसतत," दत्ताराम म्हणाला. "पण उद्या डॉक्टरीणबायक दाखवया."

"दाखवया," गंगाराम म्हणाले.

लॉकडाऊननंतर पहिल्यांदाच दोन धुऱ्यांचं कुठल्या तरी गोष्टीवर एकमत झालेलं ऐकून सत्यवती डाव हातात धरून तशीच उभी राहिली.